पिकाला मीठ कळतं, पण ते बाहेर ठेवायला मुळाला हवा लागते

विचारणा अशी आहे: सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठचं भारी काळं रान, वीसेक वर्षं सलग ऊस. त्यातला खालच्या अंगाचा अर्धा एकर दरवर्षी मागे पडतोय. तिथे ऊस खुरटतो, पानांची टोकं करपतात, उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरं फुटतं. माती परीक्षणात सामू (pH) ८.३ आणि विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, २.१ डेसिसायमेन प्रति मीटर आली. पुढचे वाहकतेचे सगळे आकडे याच एककात आहेत. प्रश्न तीन. पिकाला मीठ कळतं का? कळत असेल तर मुळं ते आत घेतातच का? आणि दुकानात ‘पिकाला मीठ पचवायला शिकवणारं’ म्हणून जे द्रावण मिळतं, ते सोडून रान सुधारेल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावर पैसे जायच्या बेतात आहेत. नाही सुधारणार. ते का, हे पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून कळेल, आणि तेच पैसे कुठे घालायचे हेही.

पिकाला मीठ कळतं, आणि फार लवकर कळतं. मुळाच्या टोकाशी खारट पाणी आलं की काही सेकंदांत तिथल्या पेशींच्या आत कॅल्शियमची पातळी उसळते आणि ती लाट मुळातून वर खोडाकडे सरकते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ही लाट प्रत्यक्ष पाहून तिचा वेग मोजला: सेकंदाला सुमारे ४०० मायक्रोमीटर, म्हणजे मिनिटाला जवळपास अडीच सेंटीमीटर. हे काम ॲराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर झालं. वनस्पतीशास्त्रातल्या अशा बऱ्याच गोष्टी आधी त्याच्यावर तपासल्या जातात. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी मुळाने चाखलेल्या मिठाची खबर काही मिनिटांत पानापर्यंत पोचलेली असते.

खारट जमिनीत पिकाला दोन वेगळे त्रास असतात आणि ते त्याला वेगवेगळे कळतात. पहिला त्रास पाण्याचा. क्षार विरघळलेले असले की माती पाणी सहजी सोडत नाही. रान ओलं दिसतं, पण मुळाला ते ओढून घ्यायला जास्त जोर लावावा लागतो. हा ताण क्षार कोणताही असला तरी येतो. आपल्याकडच्या मातीत साध्या मिठाबरोबर सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेटही असतात, तेही हेच करतात. दुसरा त्रास खुद्द सोडियमचा, आणि काही पिकांत क्लोराइडचा. तो विषासारखा चढतो.

पाण्याचा ताण ओळखणारी, पेशीच्या पडद्यातली एक कॅल्शियमची खिडकी २०१४ मध्ये सापडली. सोडियम कसा ओळखला जातो हे मात्र २०१९ पर्यंत कोडंच होतं. सोडियमला धरून ठेवणारं एखादं प्रथिन निघेल अशी अपेक्षा होती. निघाली ती एक प्रकारची चरबी. पेशीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला साखरेचं डोकं असलेले काही स्निग्ध रेणू असतात. त्यांच्यावर सोडियम चिकटला की पडद्यावरचा विद्युतभार बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. हे रेणू बनवू न शकणाऱ्या रोपांत मिठाने कॅल्शियमची लाट नीट उठली नाही, नुसत्या पाण्याच्या ताणाने मात्र उठली. यावरून दोन्ही जाणिवा वेगळ्या आहेत हे पक्कं झालं.

आणखी एक जाणीव पेशीच्या भिंतीची आहे. भिंतीतलं पेक्टिन, म्हणजे तिला घट्ट धरणारा चिकट पदार्थ, कॅल्शियमने एकमेकांना बांधलेलं असतं. सोडियम आला की तो हे बांध सैल करतो आणि भिंत मऊ पडते. भिंतीवर नजर ठेवणारं एक प्रथिन ते ओळखून दुरुस्ती सुरू करून देतं. ज्या रोपांत हे प्रथिन नाही, त्यांच्या मुळाच्या पेशी खारट पाण्यात फुटतात असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. कॅल्शियम इथे पुन्हा आला हे लक्षात ठेवा. पुढे जिप्समच्या, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या, वेळी त्याची गरज लागेल.

मीठ कळल्यावर पीक काय करतं? आधी वाढ थांबवतं. पानाची लांबी वाढण्याचा वेग मिनिटांत घसरतो, पर्णरंध्रे मिटू लागतात. मूळसुद्धा दिशा बदलतं. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की एका बाजूला जास्त मीठ असेल तर मुळाचं टोक गुरुत्वाकर्षणाचा ओढा मोडून दुसरीकडे वळतं. वाढीचं संप्रेरक टोकाच्या एका बाजूला जास्त जमतं, म्हणून हे वळण येतं. तुम्ही खालच्या पट्ट्यातलं उसाचं एखादं बेट खणून बघा. मुळं खाली न जाता वरच्या थरात आडवी पसरलेली दिसण्याची शक्यता मोठी आहे. त्यात मिठाचा वाटा आहे आणि खाली साचलेल्या पाण्याचाही. मुळं काळपट आणि वास येणारी निघाली तर पाण्याचा वाटा मोठा समजा.

आता दुसरा प्रश्न. एवढं कळतं, तर आत का घेतं?

कारण पोटॅशियम हवं असतं. पेशीतल्या पन्नासहून अधिक विकरांना (एन्झाइमना) पोटॅशियम लागतो, आणि रासायनिकदृष्ट्या सोडियम त्याचा जवळचा भाऊबंद. मुळाच्या पेशींच्या पडद्यात काही दारं अशी आहेत की ती धन आयनांमध्ये फारसा भेद करत नाहीत. बाहेर सोडियम वारेमाप असला की तो त्यांतून शिरतोच. आत पोचल्यावर विकरांमधली पोटॅशियमची जागा घेतो, आणि विकर काम करेनासं होतं.

तरीही मूळ बरंच गाळतं. मुळाच्या आतल्या अंगाला, पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांभोवती पेशींचं एक कडं असतं. त्या पेशींच्या मधल्या फटी लिग्निनच्या पट्टीने बुजवलेल्या असतात. या कॅस्पेरियन पट्टीमुळे पाण्याला फटींतून थेट आत जाता येत नाही, पेशीच्या पडद्यातून गाळून जावं लागतं. हे गाळप किती कडक असावं लागतं त्याचा हिशोब बघा. पीक जेवढं पाणी स्वतःच्या अंगात ठेवतं, त्याच्या साधारण ५० पट पाणी पानांतून हवेत सोडतं. म्हणजे पानातलं मीठ मातीतल्या पाण्याइतक्यावरच राहायचं असेल तर मुळाने ५० पैकी ४९ भाग मीठ बाहेर ठेवलं पाहिजे, ९८ टक्के. बहुतेक पिकं हे करतात.

आणि इथेच रान खारण्याचं मूळ आहे. पिकाने पाणी नेलं, मीठ मागे ठेवलं. कुठे? मुळाभोवतीच. विद्युत वाहकता १ असलेलं पाणी आपण चांगलं समजतो. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. पाटपाण्यावरच्या उसाला हंगामात २ मीटर उंचीचं पाणी सहज जातं. एकरी हिशोब केला तर ते ८,००० घनमीटरच्या वर भरतं, आणि त्यातून जवळपास ५ टन क्षार रानात येतात. दरवर्षी. निचरा असेल तर पावसाळ्यात यातले बरेच खाली धुपून जातात. निचरा नसेल तर भूजल वर चढतं आणि दीड-दोन मीटरच्या आत आलं की काळ्या मातीतल्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं जातं, उन्हाने उडतं आणि क्षार वरच्या थरात सोडून जातं. ढेकळांवर फुटलेलं पांढरं ते हेच. ही गोष्ट नवी नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि १९१० साली कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींचा अभ्यास मांडत होते. पंचविसेक वर्षांत तिथे रानं बिघडली होती.

पुन्हा मुळाकडे येतो, कारण खरा मुद्दा पुढे आहे. गाळूनही जो सोडियम आत शिरतो त्याला पेशी बाहेर फेकते. कॅल्शियमची लाट उठली की एक प्रथिन कॅल्शियमला धरतं, ते दुसऱ्याला जागं करतं आणि ते दुसरं पडद्यातल्या तिसऱ्याला चालू करतं. हे तिसरं सोडियमला बाहेर ढकलतं आणि बदल्यात हायड्रोजन आयन आत घेतं. या साखळीचा शोध १९९० च्या दशकापासून ॲराबिडॉप्सिसमध्ये लागत गेला, आणि भात-गव्हासारख्या पिकांतही तीच साखळी आहे. पण हे काम फुकट होत नाही. आधी हायड्रोजन आयन बाहेर उपसून ठेवावे लागतात, आणि तो उपसा चालतो पेशीच्या ऊर्जेवर, म्हणजे एटीपीवर. गळक्या नावेतून पाणी उपसत राहावं तसं हे काम आहे. क्षणभर थांबलं की पातळी चढते.

ही ऊर्जा मुळाला श्वसनातून मिळते. मातीत प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून साधारण ३० एटीपी निघतात. प्राणवायू नसेल तर फक्त २. रानात वाफसा नसला, मुळाशी पाणी साचून राहिलं की पंधरापट घट. उपसा बंद पडतो, सोडियम आत भरतो आणि पानात चढतो. खारट जमीन आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की पानातला सोडियम नुसत्या खारट जमिनीपेक्षा कितीतरी वाढतो, हे गव्हासह अनेक पिकांवर ऑस्ट्रेलियात आणि इतरत्र वारंवार दिसलं आहे. म्हणून ‘माझं रान खारट आहे’ आणि ‘माझं रान चिबड आहे’, म्हणजे पाणी साचून राहतं, या तुमच्या दृष्टीने दोन तक्रारी असतील, उसाच्या दृष्टीने ती एकच आहे. मुळाला हवा मिळाली तर तोच ऊस तेवढंच मीठ बऱ्यापैकी सोसतो.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण ऊस करपला की आपल्याकडे पहिला हात पाण्याकडे जातो. पानांची टोकं वाळली, म्हणजे पाणी कमी पडलं, म्हणून आणखी एक पाळी. चिबड पट्ट्यात ती पाळी पिकाचा उरलेला श्वास काढून घेते.

मुळातून निसटून जो सोडियम वर जाणाऱ्या वाहिनीत शिरला त्यासाठीही पिकाकडे एक पहारा आहे. वाहिनीला लागून असलेल्या पेशी वर चाललेल्या पाण्यातून सोडियम परत खेचून घेतात आणि मुळातच ठेवतात. बंगालच्या सुंदरबन भागातलं नोना बोकरा हे भात पिढ्यान्‌पिढ्या खारट पाण्यात येतं. त्याच्यातलं हे खेचण्याचं जनुक २००५ मध्ये वेगळं काढलं गेलं. गव्हातही असंच झालं. शेवया-पास्त्याचा बन्सी गहू मिठाला नाजूक असतो. एका जुन्या जंगली कुळातल्या गव्हातून याच प्रकारचं जनुक ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्यात आणलं, तेही साध्या संकराने. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात खारट शेतात त्याचं उत्पादन २५ टक्के जास्त आलं. सांगली-नाशिकच्या द्राक्षबागा डॉगरिज खुंटावर उभ्या राहिल्या, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पाण्याचा ताण आणि खारट पाणी यांच्याशी खुंटाच्या मुळांनी झगडायचं, वरच्या वेलीला त्याची झळ कमी लागते.

आता तुमच्या उसाच्या पानांकडे. ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतीशास्त्रज्ञ राना मन्स यांनी मिठाच्या ताणाचे दोन टप्पे सांगितले आणि ते शेतात उभं राहून ओळखता येतात. पहिल्या टप्प्यात, लगेच, नवी पानं लहान निघतात, फुटवे कमी येतात, कांड्या आखूड पडतात. हे पाणी ओढायच्या ताणाने होतं. काही आठवड्यांनी दुसरा टप्पा. पाण्याबरोबर वर आलेलं थोडं थोडं मीठ सगळ्यात जास्त दिवस बाष्प सोडणाऱ्या पानात साठत जातं, म्हणजे जुन्या पानात. ते आधी करपतं. खालच्या पट्ट्यातल्या एका उसाची पानं वरून खाली बघत या. पोंग्यातून नुकतीच निघालेली हिरवी पण आखूड, अरुंद दिसतील. खालची टोकाकडून आणि दोन्ही कडांनी वाळत आलेली, आणि मधली शीर अजून हिरवी. जुनी पानं मरण्याचा वेग नवी पानं येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की पिकाचं गणित संपतं.

याच्याशी गल्लत होणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी पडलं तरी जुन्या पानाच्या कडा अशाच वाळतात, आणि खारट रानात सोडियम पालाशची वाट अडवत असल्याने बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. दुसरं म्हणजे केवडा. नवी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह मिळत नसल्याचं लक्षण आहे. चुनखडी आणि कोंदलेल्या ओलीमुळे ते येतं. त्यावर फेरस सल्फेटची फवारणी लागू पडते. मिठाच्या करपण्यावर ती काही करत नाही.

मीठ आत आल्यावर ते निरुपद्रवी करण्याचा आणखी एक मार्ग पिकाकडे आहे. पेशीच्या मधोमध पाण्याची एक मोठी पिशवी असते, रिक्तिका. सोडियम तिच्यात कोंडून टाकायचा, बाहेरच्या नाजूक भागात तो येऊ द्यायचा नाही, आणि तिथला तोल राखायला प्रोलिन, ग्लायसिन बीटेन किंवा साखर बनवायची. यातला खर्च बघण्यासारखा आहे. पाणी धरून ठेवण्याच्या कामासाठी सोडियमचा एक मोल रिक्तिकेत ठेवायला साधारण ३.५ मोल एटीपी पुरतात. त्याच कामाला प्रोलिन बनवायचं तर ४१, ग्लायसिन बीटेनला ५०, साखरेला ५२ च्या आसपास. म्हणजे मीठ सांभाळता आलं तर ते सगळ्यात स्वस्त साधन आहे, आणि आपल्या उसाला ते सांभाळता येत नाही. त्याची जी साखर कांडीत साठायला हवी होती तिच्यातून हा खर्च भागतो. कोल्हापूरच्या गुऱ्हाळवाल्यांना हे मोजमापाशिवाय माहीत आहे. खारट रानातला ऊस ते टाळतात, कारण रसात क्षार चढलेले असतात, गूळ खारवट लागतो आणि ढेप नीट बसत नाही.

ज्यांना मीठ सांभाळता येतं अशी झाडं बघायची असतील तर कोकणात खाडीवर जा. समुद्राच्या पाण्याची विद्युत वाहकता ५० च्या आसपास, तुमच्या पट्ट्याच्या कितीतरी पट. त्यात तिवर उभी असते. तिच्या पानाच्या पृष्ठभागावर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या दिवशी पान उन्हात धरलं तर मिठाचे कण चमकताना दिसतात, जीभ लावली तर खारट लागतं. मुळाची गाळणी कडक आहे ती वेगळीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर आलेली असतात, हवा खाली नेण्यासाठी. एवढी तयारी असलेल्या झाडालासुद्धा मुळाशी हवा लागते, यावरून समजा.

पिकांमध्ये खाऱ्या जमिनीचा खरा अनुभव आहे तो भातवाल्यांना. रायगडात पेण, अलिबाग, पनवेलकडे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या खारजमिनी आहेत, गोव्यात खाजन आहेत. तिथे पहिल्या दमदार पावसाने वरचं मीठ धुऊन गेल्याशिवाय लावणी करत नाहीत. भाताला रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात मीठ सगळ्यात जास्त बाधतं, मधल्या काळात तो बराच दम धरतो. ती दोन्ही नाजूक वयं पावसाच्या गोड्या पाण्यात यावीत अशी सगळी आखणी असते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल १, २, ३ हे वाण, गोव्याचं कोरगुट आणि त्याच्यातून निवडलेले गोवा धान वाण, राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या खारची गावच्या शेतांतून आलेला खारचिया गहू, केरळचं पोक्कळी भात, ही सगळी मुळात शेतकऱ्यांनी खारट रानात वर्षानुवर्षं बी राखून टिकवलेली संपत्ती आहे. आज जनुकं शोधणारे शास्त्रज्ञ याच वाणांकडे जातात. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

आता ते द्रावण. अशा बाटल्यांवर बहुधा ह्युमिक आम्ल, समुद्री शैवालाचा अर्क, अमिनो आम्लं असं लिहिलेलं असतं. त्यांचा पिकाला थोडाफार आधार होऊ शकतो, विशेषतः ताण हलका असेल तर. पण ‘पचवणं’ हा दावा चुकीचा आहे. सोडियम हे मूलद्रव्य आहे. ते पचत नाही, कुजत नाही, जळत नाही. ते फक्त जागा बदलतं. तुमच्या रानातून ते जायला एकच वाट आहे, पाण्यात विरघळून मुळांच्या खाली आणि चराने बाहेर. ती वाट करून न देता वरून काहीही सोडलं तरी पुढच्या हंगामात आणखी टनावारी क्षार येणारच आहेत.

तुमच्या अहवालातल्या आकड्याबद्दल एक खुलासा. २.१ हा आकडा बहुधा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून काढलेला आहे, आपल्याकडच्या प्रयोगशाळा तसंच करतात. पिकांच्या सहनशीलतेचे जगभरचे आकडे मात्र मातीची नुसती लापशी करून तिच्यातून काढलेल्या अर्काचे असतात. भारी काळ्या मातीत हा आकडा साधारण अडीच-तीन पट येतो. तुमचा ५.५ च्या आसपास धरा. उसाचं उत्पादन १.७ नंतर घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे ५.९ टक्के उतरतं. म्हणजे तिथे वीस-बावीस टक्के घट नुसत्या क्षारांची. त्याहून जास्त तूट येत असेल तर ती चिबडपणाची आहे. खोडव्याला लागणीपेक्षा जास्त त्रास होतो. तुलनेसाठी, घेवड्याची सुरुवातीची मर्यादा १ आहे, कांद्याची १.२, गव्हाची ६, ज्वारीची ६.८, शुगरबीटची ७, कापसाची ७.७. त्या अर्ध्या एकरात दोन वर्षं ऊस थांबवून गहू, ज्वारी घेता आली तर पाणीही निम्म्याहून कमी लागेल. उसाचाच आग्रह असेल तर फुले २६५ इतर वाणांपेक्षा तग धरतो, पण त्यालाही वरचं सगळं लागू आहे.

जिप्सम घालायचं का, हे अजून ठरवता येत नाही. सामू ८.५ च्या खाली आणि क्षार जास्त असलेली जमीन खारवट धरतात. तिला नुसता निचरा आणि धुलाई, म्हणजे पाणी मुरवून क्षार खाली धुऊन काढणं, पुरते. जिप्सम लागतं ते चोपण जमिनीला, जिथे मातीच्या कणांवर सोडियम बसलेला असतो, पाणी मुरत नाही, वर साचलेलं पाणी गढूळच राहतं आणि वाळल्यावर काळसर चकाकणारा पापुद्रा धरतो. पुस्तकी मर्यादा कणांवरच्या सोडियमची १५ टक्के आहे, पण आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत त्याच्या बऱ्याच आधी निचरा मंदावतो, म्हणून १५ ची वाट बघू नका. दोन्ही दोष एकत्र असतील आणि जिप्समशिवाय धुलाई केली तर क्षार जातील, सोडियम कणांवर राहील आणि खारवट रान चोपण होऊन बसेल. हे टाळायलाच हवं. जिप्सममधला कॅल्शियम कणांवरचा सोडियम हुसकतो, शिवाय मुळाच्या पडद्यातली सोडियम शिरण्याची काही दारंही कॅल्शियमने अडवली जातात आणि पेशींच्या भिंतींचे बांध टिकतात. ते पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम, म्हणून मशागतीच्या वेळी वरच्या थरात मिसळून द्यायचं, उभ्या उसात वरून फेकून उपयोग कमी.

निचऱ्यासाठी आधी पाणी येतं कुठून ते बघा. वरच्या अंगाच्या कालव्याचा किंवा शेजाऱ्याच्या रानाचा पाझर असेल तर वरच्या बांधाला आडवा खोल चर पहिल्यांदा. आतल्या पाण्यासाठी उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप. काळ्या रानात पाइपचं काम चांगलं होतं, पण त्याचं तोंड सोडायला नाला लागतो आणि तो बहुतेक वेळा चार जणांच्या बांधावरून जातो. शिरोळ भागात शेतकऱ्यांनी गट करून ही कामं केली आहेत, एकट्याने ते परवडत नाही आणि पुरतही नाही. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच मातीवर बरीच वर्षं काम झालेलं आहे, आराखडा काढण्याआधी तिथे जाऊन या.

तोवर पट्ट्यात पाणी कमी करा. ठिबक असेल तर उत्तम, पण ठिबकने मीठ ओल्या गोळ्याच्या कडेला ढकललं जातं. उन्हाळी वळवाच्या हलक्या सरीने ते परत मुळाशी येतं, म्हणून अशी सर आली तरी ठिबक चालूच ठेवा. पाचट जाळू नका, सरीत पसरा. उघडी माती तापली की मीठ वर येतं, झाकलेली असली की कमी येतं. पालाश द्यायचा तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, महाग असलं तरी. पावसाळ्यात पट्टा मोकळा असेल तर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडा. त्याची मुळं घट्ट मातीत वाट करतात, आणि कुजताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने मातीतली चुनखडी थोडी विरघळून कॅल्शियम मोकळा होतो.

पुढचा सल्ला आकड्यांवर द्यावा लागेल. नमुने एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागण्याआधी घ्या. पट्ट्यातून आणि चांगल्या भागातून वेगवेगळे, आणि प्रत्येक ठिकाणी ०-३०, ३०-६०, ६०-९० सेंटीमीटरचे तीन थर वेगळे. प्रयोगशाळेला लापशीच्या अर्काची वाहकता, सामू आणि कणांवरच्या सोडियमची टक्केवारी हे तिन्ही काढायला सांगा. ज्या पाण्यावर ऊस आहे त्याचाही नमुना द्या. पट्ट्यात दोन मीटर खोल छिद्र घेऊन त्यात भोकं पाडलेला पाइपचा तुकडा उभा करा आणि दर पंधरवड्याला पाणी किती खाली आहे ते लिहून ठेवा. ते दीड मीटरच्या आत राहत असेल तर आधी चराचं काम, मग धुलाई, आणि सोडियमची टक्केवारी बघून जिप्सम. त्याहून खाली असेल आणि टक्केवारीही कमी असेल तर या पावसाळ्यात पट्ट्याला बांध घालून पाणी मुरवा, ऑक्टोबरात पुन्हा नमुने घ्या, आणि जिप्समचे पैसे वाचवा.